बाळाची धार
(न्यासाच्या अमृतमहोत्सवी सभेत दवाखान्याच्या वतीने दिलेले व्याख्यान)



अमृतमहोत्सवाच्या या सभेत दवाखान्याच्या वतीने चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हां डॉक्टरांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. उत्सवाच्या दिवशी संस्थेचा गौरव करावा हे रीतीस धरूनच आहे, आणि तो गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. आम्ही मात्र एक कामाची गोष्ट घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. विषय थोडा संकोचाचा आहे. तो चारचौघांत काढण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पण त्या संकोचापायीच काही मुलांची मूत्रपिंडे वाया जातात, म्हणून आज तो मुद्दाम काढीत आहोत. विषय आहे लहान मुलांच्या लघवीचा, आणि त्यातही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मापासून असणाऱ्या एका अडथळ्याचा.

हा विकार विरळा आहे. साधारणपणे पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एखाद्यास तो असतो. मग इतक्या विरळ्या रोगासाठी सभेचा वेळ का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जो रोग रोज दिसतो तो सर्वांच्या ओळखीचा असतो. जो क्वचित दिसतो तोच निसटतो. गल्लीतल्या डॉक्टरला दहा-दहा वर्षांत असे एकही मूल दिसत नाही. आईला मात्र आपले मूल रोज दिसते. म्हणून या रोगाची पहिली पारख, बहुतेक वेळा, दवाखान्यात नव्हे तर घरातच व्हावयास हवी.

वाटेतला पडदा

प्रथम शरीराची रचना थोडक्यात सांगतो. पाठीच्या दोन्ही बाजूंस दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्त गाळून लघवी तयार करतात. ती लघवी दोन बारीक नळ्यांतून, म्हणजे मूत्रवाहिन्यांतून, ओटीपोटातील मूत्राशयात उतरते. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. ती भरली की आवळते आणि लघवी मूत्रमार्गाने बाहेर पडते.

काही मुलग्यांत मूत्राशयाच्या तोंडाखाली, मूत्रमार्गाच्या अगदी सुरुवातीच्या भागात, पातळ त्वचेचे पडदे असतात. ते गर्भावस्थेतच तयार होतात. वरून लघवीचा लोंढा आला की हे पडदे शिडासारखे फुगतात आणि वाट अडवतात. वैद्यकात यांस मूत्रमार्गाच्या मागील भागातील झडपा म्हणतात. गंमत अशी की, खालून वर नळी घातली तर पडदे बाजूला सरतात आणि नळी सहज आत जाते. म्हणून ‘नळी तर विनासायास गेली, मग अडथळा कसला?’ असा समज करून घेणे चूक आहे. दार एकाच बाजूने अडते.

शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. पाटाच्या तोंडाशी गवताचा बोळा अडकला की पाणी मागे तुंबते, पाटाचे काठ फुटतात आणि शेवटी विहिरीवरची मोटही अडखळते. येथेही तसेच होते. पडद्याविरुद्ध जोर लावून लावून मूत्राशयाची भिंत जाड होते. पैलवानाचा दंड जाड झाला तर कौतुक होते. मूत्राशय जाड झाला तर तो ताठर होतो, धरून ठेवायचे ते धरीत नाही आणि सोडायचे ते पुरते सोडीत नाही. मागचा दाब मूत्रवाहिन्यांवर येतो. त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात. सुमारे निम्म्या मुलांत लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते. आणि हे सारे घडते तेव्हा मूत्रपिंडाची घडण अजून पुरी झालेली नसते. म्हणजे बाळ जन्मास येण्यापूर्वीच त्याचे नुकसान सुरू झालेले असते.

आपल्या प्राचीन वैद्यांस लघवीच्या अडथळ्यांची जाण होती. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि मुतखड्यावरील शस्त्रक्रियेचेही वर्णन आहे. परंतु हा पातळ पडदा डोळ्यांस दिसावा कसा? पूर्वीच्या शल्यविशारदांनी तो शवविच्छेदनात पाहिला होता. जिवंत मुलांतील या विकाराचा व्यवस्थित अभ्यास करून त्याचे प्रकार पाडले ते अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. ह्यू हँप्टन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९१९ साली. त्यांनी पाडलेले प्रकार आजही वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत.

जन्मापूर्वी काय दिसते

गर्भाच्या पिशवीतले पाणी चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असते. बाळ ते पाणी गिळते, पुन्हा लघवी करते, असे हे चक्र चालते. लघवी अडली की पिशवीतले पाणी कमी होते. आणि पाणी फार कमी झाले तर बाळाच्या फुप्फुसांची वाढ खुंटते. म्हणून अगदी जोराचा अडथळा असलेल्या बाळास जन्मतः श्वासाचाच त्रास होतो.

साधारण अठरा ते वीस आठवड्यांची जी सोनोग्राफी करतात, तीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली, मूत्राशय सतत भरलेला व जाड भिंतीचा, आणि पाणी कमी, असे दिसले तर या विकाराची शंका येते. काही बाळांत ही चिन्हे त्यानंतरच्या महिन्यांत दिसू लागतात. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. गर्भाचे लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा योग्यच आहे. मूत्रपिंडे फुगली आहेत हे सांगण्यास लिंग सांगण्याची गरज नाही. तेव्हा ‘मुलगा आहे का ते तरी सांगा’ असा आग्रह डॉक्टरांस कोणीही करू नये. अहवाल जपून ठेवावा, प्रसूती जेथे व्हायची तेथे आधीच दाखवावा, आणि जन्मानंतर बाळाची तपासणी करून घ्यावी.

तसेच, अहवालात ‘मूत्रपिंडास किंचित सूज’ असे वाचून हातपाय गाळू नयेत. अशी किंचित सूज बऱ्याच बाळांत दिसते व पुष्कळदा आपोआप निवळते. चिंतेची गोष्ट ती की, जीत दोन्ही बाजू फुगलेल्या, मूत्राशय रिता न होणारा आणि पाणी कमी, ही चिन्हे एकत्र येतात.

गर्भातच नळी बसवून लघवीला वाट करून द्यावी, असेही प्रयत्न झाले आहेत. ब्रिटनमधून चालविलेल्या अशा एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३१ गर्भवती स्त्रियांचा समावेश होता. नळी बसविलेली बाळे अधिक संख्येने जगली असे दिसले. पण मूत्रपिंडे चांगली राहिलेली मुले फारच थोडी निघाली. तेव्हा हा मार्ग अजून सर्वांसाठी नाही. आपल्या हाती जे खात्रीचे आहे ते जन्मानंतरचे.

आणखी एक गोष्ट मातृवर्गासाठी, आणि त्याहून अधिक सासवांसाठी. हा पडदा आईच्या खाण्याने होत नाही, चालण्याने होत नाही, ग्रहणात सुरी हाती धरल्याने तर मुळीच होत नाही. अशा बाळाच्या आईस आधीच पुष्कळ सोसावयाचे असते. तिच्या माथी नसलेला दोष मारून घरातल्या माणसांनी तिचे बळ कमी करू नये.

घरातली पारख

आता मुख्य मुद्दा. सोनोग्राफीत सर्वच मुले सापडत नाहीत. उरलेली कशी ओळखावी?

नवजात बाळ बहुधा पहिल्या चोवीस तासांत लघवी करते. अठ्ठेचाळीस तासांत तर जवळजवळ सर्वच बाळे करतात. तेवढ्या वेळात लघवी झाली नाही तर डॉक्टरांस सांगावे. निरोगी मुलग्यास उघडे ठेवले की तो कशी कमान टाकतो, हे घरातल्या प्रत्येक आजीस ठाऊक आहे. तिच्या लुगड्यावर ती कमान केव्हा ना केव्हा पडलेलीच असते! ज्या बाळाची कमान कधीच पडत नाही, लघवी थेंबथेंब गळते, धार बारीक व तुटक येते, लघवी करताना बाळ कण्हते, तोंड लाल करून जोर करते, त्या बाळाकडे लक्ष द्यावे. लघवी झाल्यावरही ओटीपोटात गोळा लागतो का, पोट फुगलेले राहते का, ते पाहावे. बाळ दूध पिऊनही अंग धरीत नाही, वारंवार ताप येतो आणि तापाचे कारण सापडत नाही, हीही लक्षणे होत. मोठ्या मुलांत दिवसाही चड्डी ओली राहणे, पाच वर्षे उलटल्यावरही दिवसाचा ताबा न येणे, सारखे पाणी पिणे व सारखी लघवी होणे, वाढ खुंटणे, चेहरा पांढुरका दिसणे, अशी चिन्हे असतात.

पण याच्या उलट एक इशारा देणे आवश्यक आहे. धार चांगली दिसली म्हणजे पडदा नाहीच असे नव्हे. जाड झालेला मूत्राशय जोर लावून काही काळ धार टिकवून धरतो. म्हणून धार ठीक असूनही कारणाविना वारंवार ताप येत असेल, तर लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी मागून घ्यावी.

आपल्या घरांत लघवीची कोणतीही तक्रार निघाली की ‘उन्हाळी लागली असेल’ असे म्हणतात, आणि धने-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा देतात. बडोद्याच्या वैशाखात मोठ्या माणसास उन्हाळी लागते हे खरे आहे, आणि धने-जिऱ्याच्या पाण्याशी आमचे वैर नाही. पण चार महिन्यांच्या तान्ह्याची धार सदाच बारीक असेल, तर ती उन्हाळी नव्हे. दुसरे असे की, लहान मुलाच्या इंद्रियाची पुढची कातडी मागे सरत नाही म्हणून काही जण ती जोराने ओढतात. तान्ह्या मुलांत ती न सरणे हे स्वाभाविक आहे. ती ओढू नये. ओढल्याने जखम होते, व्रण पडतो, आणि खरा अडथळा आत आहे की काय, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

मुलींस हा पडदा होत नाही. मात्र मूत्रवाहिनीच्या टोकाशी फुगा येणे, किंवा मूत्रपिंडाच्या तोंडाशीच वाट अरुंद असणे, असे दुसरे अडथळे मुलगे व मुली दोघांतही आढळतात. म्हणून कारणाविना ताप आणि लघवीतील पू यांची चौकशी मुलींच्या बाबतीतही तितकीच तत्परतेने करावी. मुलगी म्हणून टाळू नये.

निदान व उपचार

शंका आली की प्रथम सोनोग्राफी करतात. नंतर मूत्राशयात बारीक नळीने एक्स-रेत दिसणारे औषध भरून, बाळ लघवी करीत असता चित्रे घेतात. त्या चित्रात पडद्याच्या वरचा मूत्रमार्ग फुगलेला आणि खालचा बारीक असा स्पष्ट दिसतो. हीच निदानाची मुख्य तपासणी. रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी ते आईच्या रक्तातलेच दाखवते, म्हणून त्या दिवशीच्या आकड्याने घाबरू नये वा निर्धास्तही होऊ नये. पुढच्या दिवसांत ते उतरते की चढते ते महत्त्वाचे.

उपचाराची पहिली पायरी शस्त्रक्रिया नव्हे. पहिली पायरी म्हणजे मूत्राशयात बारीक मऊ नळी ठेवून तुंबलेली लघवी वाहती करणे, जंतुसंसर्गावर औषध देणे आणि रक्तातील क्षार व आम्ल यांचा तोल सावरणे. वाट मोकळी होताच काही बाळे एकाएकी फार लघवी करतात, आणि पाणी व मीठ शरीरातून वाहून जाते. म्हणून पहिले काही दिवस बाळ रुग्णालयातच असावे लागते. बाळ सावरले की दुर्बिणीतून पाहून पडदा कापतात किंवा जाळतात. बाहेर कोठेही चीर नसते. बाळ फार लहान असेल आणि दुर्बीण आत जात नसेल, तर ओटीपोटावर तात्पुरते छिद्र करून लघवीस वाट देतात व पुढे सवडीने पडदा काढतात.

महागड्या दुर्बिणी सर्वत्र नसतात, याचा विचार आपल्याच देशात झाला ही अभिमानाची गोष्ट होय. केरळातील बालशल्यविशारद डॉ. मोहन अब्राहम यांनी पडदा कापण्याचे एक साधे हत्यार तयार केले आणि त्याचे वर्णन १९९० साली प्रसिद्ध केले. साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणी ते उपयोगी पडले आहे.

हे उपचार आपल्यापासून दूर नाहीत. बडोद्यात सर सयाजीराव रुग्णालय आहे. जवळच नडियादला १९७८ पासून मूत्ररोगांचे मोठे रुग्णालय आहे. मुंबईस परळला १९२९ पासून बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांस रुग्णालयातील उपचाराचे साहाय्य मिळते. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी मार्ग आहे. अडचण त्यापुढे आहे, आणि तीच सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

‘ऑपरेशन तर झालं होतं ना?’

एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतो. नाव, गल्ली सांगत नाही. वडील मजुरीची कामे करणारे. पहिला मुलगा. जन्मानंतर दुसऱ्या महिन्यापासून त्यास ताप येऊ लागला. निरनिराळ्या ठिकाणी तापाचे औषध मिळाले, ताप उतरे, पुन्हा चढे. पाचव्या महिन्यात आई त्यास लस टोचण्यासाठी आपल्या दवाखान्यात घेऊन आली. आमच्या परिचारिकाबाईंनी सहज विचारले, “काय गं, बाळाची धार कशी आहे?” आई म्हणाली, “धार कुठली, बाई? नुसतं गळतंच असतं. लंगोट कधी कोरडा म्हणून नाहीच.” तेवढ्या एका प्रश्नावर निदानाची दिशा ठरली. मुलास मोठ्या रुग्णालयात पाठविले, नळी घातली, पंधरवड्यानंतर पडदा कापला. बिलाचा मोठा वाटा न्यासाने उचलला. ताप थांबला. बाळ अंग धरू लागले. आई पेढे घेऊन आली.

डॉक्टरांनी पुढच्या तारखा लिहून दिल्या होत्या. पहिल्या दोन पाळल्या गेल्या. पुढे वडिलांस कामासाठी गाव बदलावे लागले. रुग्णालयात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, दोघांचे भाडे लागते, तपासणीचे पैसे लागतात. आणि मुलगा तर हसतो-खेळतो. कोण जाईल? पाच वर्षे कोणी गेले नाही.

सातव्या वर्षी मुलगा पुन्हा आमच्यासमोर आला. वर्गातल्या मुलांपेक्षा वीतभर ठेंगणा, चेहरा पांढुरका. चड्डी ओली होते म्हणून शाळेत मुले चिडवीत. म्हणून आईने त्याचे पाणी तोडले होते. रक्तातील क्रिएटिनिन बरेच वाढले होते. पडदा पुन्हा आला नव्हता. शस्त्रक्रिया उत्तम झालेली होती. पण मूत्राशय ताठरलेलाच राहिला होता, पुरता रिता होत नव्हता, आणि त्याचा दाब वर्षानुवर्षे मूत्रपिंडांवर पडत होता. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “डॉक्टरसाहेब, ऑपरेशन तर झालं होतं ना?”

मंडळी, या प्रश्नात त्या बापाची काही चूक नाही. ऑपरेशन झाले म्हणजे रोग संपला, अशीच आपणा सर्वांची समजूत असते. अपेंडिक्स काढले, संपले. हर्निया शिवला, संपले. या विकारात मात्र पडदा कापण्याचा दिवस हा उपचाराचा शेवट नव्हे, तो आरंभ होय. पडदा काही मिनिटांत कापता येतो. पण गर्भात महिनोनमहिने दाब सोसलेला मूत्राशय आणि दुबळी घडलेली मूत्रपिंडे त्या मिनिटांत नवी होत नाहीत. या विकाराच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश मुलांची मूत्रपिंडे पुढे केव्हा तरी निकामी होतात. कित्येकांत हे किशोरवयात घडते. कारण शरीर झपाट्याने वाढते आणि दुबळ्या मूत्रपिंडांस तो भार पेलत नाही.

पण यातले पुष्कळसे लांबविता येते आणि काही टाळताही येते. त्यासाठी काय करावे लागते? पहिल्या वर्षात क्रिएटिनिन किती खाली उतरते ते पाहावे लागते, ते ०.८ च्या खाली उतरले तर पुढची आशा चांगली, १ च्या वर राहिले तर अधिक जपावे लागते. काही आठवड्यांनी पडदा पुरता गेला की नाही हे पुन्हा पाहावे लागते. पुढे ठरावीक काळाने सोनोग्राफी, रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन. मुलगा कळता झाला की घड्याळ लावून लघवीस बसविणे आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा बसविणे, म्हणजे मूत्राशय रिता होतो. पिशवी किती धरते याचा ठोकताळा असा की, वयात एक मिळवावा आणि तीसने गुणावे. सहा वर्षांच्या मुलाची पिशवी सुमारे २१० मिलिलिटर. एका मापात लघवी मोजून वहीत लिहिण्याचे काम कोणतीही आई करू शकते, आणि ती वही डॉक्टरांस मोलाची असते. मूत्राशय फारच ताठर असेल तर तो सैल पडण्याचे औषध असते. तरीही रिता होत नसेल तर दिवसातून काही वेळा स्वच्छ नळी घालून रिता करतात. ही रीत १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी रूढ केली. ऐकून अंगावर काटा येतो. पण मुले ती आपली आपण शिकतात आणि शाळेतही जातात.

आणि पाणी! या मुलांची मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, म्हणून ती पुष्कळ लघवी करतात. अंथरूण भिजते म्हणून अशा मुलाचे पाणी तोडणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. जुलाब-उलट्या झाल्या तर अशा मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत.

तो मुलगा आता नियमाने येतो. दर चार तासांनी नळीने मूत्राशय रिता करतो, औषधे घेतो, पाणी मनसोक्त पितो. क्रिएटिनिन थोडे उतरून थांबले आहे. पुढे डायलिसिस लागेल का, मूत्रपिंड बदलावे लागेल का, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्याच्या आईने “लागलं तर माझं घ्या” असे आम्हांस सांगूनच ठेवले आहे. आमची धडपड ही की, ती वेळ जितकी लांबवता येईल तितकी लांबावी.

मंडळापुढे तीन विनंत्या

न्यासाचा वैद्यकीय साहाय्याचा नियम असा आहे की, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या बिलावर साहाय्य द्यावे. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. बिल हा पुरावा असतो, आणि लोकांचा पैसा पुराव्यानेच खर्च व्हावा. पण या नियमात मोठी शस्त्रक्रिया बसते आणि एस.टी.चे भाडे बसत नाही. आम्हांस असे वाटते की, या मुलाचे जे नुकसान झाले ते शस्त्रक्रियेच्या पैशांअभावी नव्हे, भाड्याच्या पैशांअभावी झाले. म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली विनंती. दवाखान्यात लस टोचण्याचे जे कार्ड बाळास मिळते, त्यावर एक ओळ छापावी : ‘लघवीची धार कशी? लंगोट कधी कोरडा राहतो का?’ परिचारिकाबाईंनी सहज विचारलेला प्रश्न सहज राहू नये, प्रत्येक बाळास विचारला जावा. यास खर्च शाईपुरता.

दुसरी विनंती. मूत्रपिंडाचा किंवा मूत्रमार्गाचा जन्मजात विकार असलेल्या मुलांची एक वही ठेवावी. तीत पुढच्या तपासणीची तारीख असावी, आणि तारीख चुकली तर कोणी तरी घरी जाऊन वा दूरध्वनी करून चौकशी करावी. मूल अठरा वर्षांचे झाले तरी वहीतून नाव काढू नये. फक्त बालरुग्णालयातून मोठ्यांच्या रुग्णालयात ते नीट पोचले की नाही हे पाहावे. हे काम डॉक्टरचे नाही. निवृत्त झालेली, हिशेबी, दुसऱ्याच्या दारी जाण्यास न लाजणारी माणसे आपल्या समाजात भरपूर आहेत. या सभागृहातच पन्नास तरी बसलेली दिसतात!

तिसरी विनंती. महोत्सवी निधीच्या व्याजातला एक छोटा भाग अशा मुलांच्या तपासण्यांसाठी आणि मुलासह एका पालकाच्या येण्याजाण्याच्या भाड्यासाठी राखून ठेवावा. पुरावा म्हणून रुग्णालयाच्या कागदावरची तारीख व शिक्का पुरे. ही रक्कम मोठी नाही. ज्याची मूत्रपिंडे थकली, त्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जावे लागते. त्या खर्चाशी आणि त्या हालांशी वर्षातून चार वेळच्या भाड्याची तुलना आपणच करावी.

न्यासाच्या अहवालात दरवर्षी ‘साहाय्य दिलेल्या शस्त्रक्रिया’ असा एक आकडा असतो. तो आकडा वाढलेला पाहून आपणा सर्वांस आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापला जावा, अशी आमची इच्छा आहे : शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनीही तपासणीस येत असलेली मुले किती. तो आकडा आरंभी लहान असेल. टाळ्या मिळण्याजोगा तर मुळीच नसेल. पण दान कोठे पोचले हे त्या आकड्यावरून कळेल.

मातृवर्गास शेवटचे सांगणे इतकेच. बाळाची दृष्ट काढता, तीट लावता, तसेच दोन मिनिटे त्याची धार पाहा. काही वावगे वाटले तर लाजू नका, ‘मोठा झाला की होईल ठीक’ म्हणून थांबू नका. दवाखाना सकाळी उघडतो. पहिल्या नंबराला या.

 आमच्या तीन विनंत्या कार्यकारी मंडळाकडे लेखी दिल्या आहेत. त्यांवर पुढील सभेत विचार व्हावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.